धोंड्याच्या वाणाला समुद्र

जळगाव,
२१ मे २०२६

ती. भाऊस,
कुंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललं की ते यांनाही ऐकू जातं, म्हणून कागद घेतला. रूपा शनिवारी धुळ्याला येतेय, तिच्या हाती देते. तुझी लेक इथल्या बँकेत लागल्यापासून आपलं टपाल खात्यावाचून चाललंय.

यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. हृदय ठणठणीत आहे म्हणतात डॉक्टर, पण माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा ते तू पाहिलंसच. भूपेंद्रने पुण्याहून खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी पाठवली तेव्हा मी पोराला शिव्या घातल्या. आता त्याचीच दृष्ट काढावीशी वाटते. दोनच मासे, नारंगी-पांढरे, बोटाएवढे. पण त्यांच्यासाठी हे उठतात, आंघोळ करतात, माझ्याशी भांडतातसुद्धा. मासे मेले तर हे परत भिंतीकडे वळतील, एवढीच मला धास्ती आहे.

तर दर महिन्याला टाकीतलं थोडं पाणी बदलावं लागतं. पहिलं पाणी दुकानदाराने भरून दिलं होतं. भूपेंद्र म्हणतो, समुद्री मीठ तयार पाकिटात मिळतं, गाळलेल्या पाण्यात कालवा, झालं. पण यांचा जन्म पाइपांच्या कारखान्यात तपासणी करण्यात गेलेला, त्यामुळे छापील लेबलावर काडीचा विश्वास नाही. अस्सल समुद्राचंच पाणी हवं म्हणतात. आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाचं वाण म्हणून तुझ्याकडे त्यांनी तेच मागितलंय. अनारसे नकोत, चांदीचा दिवा नको, दोन कॅन समुद्र. आई-नाना गेल्यापासून यांचा धोंडा तूच करतोस, तेव्हा हेही तुझ्याच गळ्यात. तुझ्या शेजारचा उखर्डू ट्रक घेऊन सुरतेला जातो ना, त्याच्या कानावर घाल.

वहिनींना नमस्कार. हस खुशाल, पण बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कुंदा


धुळे,
२० जून २०२६

चि. कुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की गॅसवर धर. तुझ्या अमृतरावांच्या हाती लागलं तर मला जळगावात तोंड दाखवायला जागा नाही.

उखर्डूने दोन कॅन आणले. काठाचं पाणी गढूळ असतं म्हणून एका होडीवाल्याला गाठून आतलं भरून आणलं बिचाऱ्याने. इथवर सगळं नीट होतं. मग तुझ्या धुरपदावहिनीने कॅनला हळदकुंकू लावलं. सोमवारी अमावास्या, तीही अधिकातली सोमवती. त्या दिवशी समुद्रस्नानाचं पुण्य थोर, आणि धुळ्यातल्या बायकांना समुद्र कुठला मिळायला? मी फिरून परत येतो तर गल्लीतल्या बायका तांबे भरून घरोघर निघालेल्या. आंघोळीच्या बादलीत प्रत्येकीला एक तांब्या. मी कपाळाला हात लावून आत गेलो, तर दोन्ही कॅन काठोकाठ भरलेले. जरा हायसं वाटलं. मग कळलं की ते नळाच्या पाण्याने भरलेत. धुरपदाचं म्हणणं, गंगाजळीत आपण पाणी घालत राहतो तरी ती गंगाच राहते ना, तसं हे बठ्ठं समुद्रच शे, थेंबन् थेंब. पण मासे एवढे धार्मिक असतील याचा भरवसा वाटेना.

शेवटी मेसेज करून भूपेंद्रलाच विचारलं, आणि ते पाकिटातलं मीठ तातडीने मागवलं. घरच्या यंत्राचं गाळलेलं पाणी घेतलं, पुरणाच्या पातेल्यात मीठ वजन करून कालवलं, खारेपणा मोजायची नळी लावून पाहिली. तेच कॅनमध्ये भरून रूपाबरोबर पाठवतोय. महिना सरला, पण वाण उशिरा पोचलं म्हणून शिळं होत नाही. अमृतरावांनी विचारलंच, तर समुद्राचं आहे म्हण. मीठ समुद्राच्याच नावाने विकतात, तेव्हा पाप अर्धंच.

तुमच्या दोघांच्या आणि त्या दोघांच्या प्रकृतीची खुशाली कळव.

तुझा,
प्रेमराज


जळगाव,
५ जुलै २०२६

श्री. प्रेमराजभाऊ यांस,
अमृतचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

वाण पोचलं. कॅनचं बूच काढलं आणि घरात समुद्र शिरला. अस्सल वस्तू सांगावी लागत नाही. नळी लावून तपासलं, खारेपणा चोख. पाणी टाकीत घातलं आणि मासे माहेरी आलेल्या लेकींसारखे उंडारायला लागले. भूपेंद्रला फोन करून सांगितलं, तुझी पाकिटं तुझ्याजवळ ठेव. तो म्हणाला, आईला फोन द्या. नव्या पिढीला चूक कबूल करायला जड जातं.

हल्ली सकाळी मेहरूण तलावापर्यंत चालत जातो. तिथे एक गृहस्थ भेटतात, त्यांच्याकडेही असलीच टाकी आहे आणि ते पाकिटाचं मीठ वापरतात. त्यांना मी तुमच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायला दिला. त्यांना फरक कळला नाही. जीभ तयार लागते.

दर महिन्याला असेच दोन कॅन पाठवत जावे. मेव्हण्याला त्रास देतो आहे, पण तो मी माझा हक्क समजतो.

आपला,
अमृत


जळगाव,
३० सप्टेंबर २०२६

ती. भाऊस,
शि. सा. न.

आजवर तू पातेल्यात समुद्र घुसळलास आणि यांनी तो चाखून वाहवा केली, मी पदराआड हसत राहिले. आता हसू आटलं. दिवाळी झाली की हे स्वतः उखर्डूच्या ट्रकमधून समुद्रावर निघालेत. म्हणतात, किती दिवस मेव्हण्याच्या जिवावर पाणी प्यायचं. समुद्र दारात नाही, तो ट्रकचा प्रवास, यांचं हृदय, आणि वर उखर्डू बोलून गेला तर? आपण सगळ्यांनी मिळून फसवलं असं वाटलं, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. सांगून टाकू का? रोज ठरवते आणि रोज चहा देऊन परत येते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
कुंदा


धुळे,
४ ऑक्टोबर २०२६

चि. कुंदास,
अनेक आशीर्वाद.

अजिबात सांगू नकोस. वर्षभर जो माणूस ओट्यावर आला नव्हता तो समुद्रावर जायचं म्हणतोय, त्याला अडवणारे आपण कोण? चोरी उघडी पडली तर माझ्या नावावर टाक, मला शिव्या ऐकू येत नाहीत. डॉक्टरांना विचार, गोळ्या घे आणि तूही केबिनमध्ये बस. उखर्डूला मी बजावलं आहे.

पाठीशी असलेला,
प्रेमराज


जळगाव,
२५ नोव्हेंबर २०२६

श्री. प्रेमराजभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

प्रवास सुखरूप झाला. उखर्डू वाटेत एक शब्द बोलला नाही, माणूस फारच अबोल आहे. किनाऱ्यावर तो होडीवाल्याला बोलवत होता, पण मला मध्यस्थ नको होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी स्वतः पाण्यात शिरलो आणि माझ्या हाताने कॅन भरले.

घरी येऊन ते पाणी टाकीत घातलं. दुपारपर्यंत दोन्ही मासे तळाशी जाऊन धापा टाकू लागले. मी बसलोदेखील नाही. तुमचे जुने कॅन शिल्लक होते, ते काढले, बादल्या भरभरून पाणी बदलत राहिलो, कुंदा सारखी म्हणत होती, तुम्ही पडा, मी करते. संध्याकाळी मासे वर आले आणि दाणे खाल्ले.

मी पुष्कळ विचार केला. पाणी समुद्राचंच होतं, स्वतः भरलंय. तेव्हा एकच निष्कर्ष निघतो. समुद्रच आता अस्सल राहिलेला नाही. भेसळ कुठवर पोचली आहे पाहा. तुमचा माणूस कुठून भरतो ते विचारणार नाही, अशी जागा कोणी सांगत नसतं. पण कृपा करून त्याला बदलू नका.

एक मात्र उमगलं नाही. मासे सावरले, मी पाचवी बादली ओतून कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो, तर कुंदा माझ्याकडे बघून रडायला लागली. मी म्हटलं, अगं, वाचले ते. ती म्हणाली, हो, वाचले, आणि आणखीच रडली. बाईमाणसाचा माशांवर एवढा जीव असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

धुरपदावहिनींना नमस्कार. आपला लोभ आणि दोन कॅन यांची वाट पाहणारा,

अमृत