रिकाम्या घराचं छप्पर

प्रिय योशिए वन्सं,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, यंदा बर्फ फार आहे म्हणे, टीव्हीवर दाखवतात. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बर्फ फारच आहे. खालच्या मजल्याच्या खिडक्या केव्हाच बुडाल्या, दिवसाढवळ्या दिवा लावून रांधते. पहाटे बर्फ सारणारं यंत्र येतं, रस्ता मोकळा करतं आणि प्रत्येकाच्या दारात कमरेएवढी भिंत रचून जातं. ती फोडायची आणि गल्लीच्या चरात लोटायची, म्हणजे पाणी ती वाहून नेतं. चराला पाणी पाळीने, आधी वरच्या आळीला, मग आपल्याला. मध्यंतरी सासागावाबाईंनी घाईघाईत एवढं मोठं ढेकूळ टाकलं की चर तुंबला आणि खालच्या न्हाव्याच्या दुकानात पाणी शिरलं. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून फावडं घेऊन धावला. ते गिऱ्हाईक म्हणजे आपले शेजारी मोहेइ भाऊजी. ते तसेच गल्लीभर फिरले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, "उरलेली आता बर्फ वितळल्यावर." खूप दिवसांनी मला हसू आलं.

तुमचं घर अजून उभं आहे. मामंजींनी जाताना ते तुमच्या नावावर केलं, थोरल्या म्हणून. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आम्ही समोर आमचं बांधलं, तुम्ही नागोयाला राहिलात, तिथे चार कण पडले की मुलं फोटो काढायला पळतात. पण घर म्हटलं की छप्पर आलं, आणि छप्पर म्हटलं की दर हिवाळ्यात चार-पाच वेळा कोणीतरी वर चढायला हवं. तुमचा भाऊ चढायचा. आमच्या छपराआधी तुमचं. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, अगं, रिकामं घर लवकर खचतं, त्याला आतून ऊब नसते.

तुमचा मुक्काम ऑगस्टमध्ये. दारं सताड उघडी टाकून तुम्ही ओसरीवर कलिंगड खायचात, नातवंडांना सांगायचात की आमच्या गावाला कसं छान गार वाटतं. हे गालातल्या गालात हसायचे. मी मात्र आत जाऊन भांडी घासायचे, जरा जोरातच.

गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही आलात तेव्हा सगळं आवरलेलं होतं. म्हणून सांगते. एकट्याने चढायचं नाही, खाली एक माणूस हवाच, हा आपल्या गल्लीचा नियम. त्या दिवशी चराला आमच्या पाळीचं पाणी आलं होतं, मी तिकडे होते. तेवढ्यात उरकून टाकतो म्हणून हे तुमच्या छपरावर गेले. छपरावरचा सगळा थर यांना घेऊन खाली आला. माणसं राहतात त्या घरावरून कोणी पडलं तर आतल्याला कळतं. तुमच्या घरात ऐकायला कोण होतं? मोहेइ भाऊजींना शिडी दिसली, माणूस दिसला नाही. आम्ही हातांनी उकरलं. उशीर झाला होता.

यंदा पहिला मोठा बर्फ झाल्यावर गल्लीची बैठक भरली. गल्लीचे प्रमुख तोकुदांनी विचारलं, योशिएबाईंच्या घरावर कोण चढणार? आमच्यातला सगळ्यात तरुण माणूस साठी ओलांडलेला. मग मोहेइ भाऊजींनी हात वर केला, यांचं नाव घेऊन म्हणाले, "मी चढतो. माझ्या छपरासाठी मला एइकिचीला कधी हाक मारावी लागली नाही, आपणहून यायचा." ऐंशीचे आहेत ते. मी म्हटलं, "बसा खाली, भाऊजी. त्या घरावर आता कोणीही चढायचं नाही."

वन्सं, कोणी चढलेलं नाही. तुमची सरकती दारं आता सरकत नाहीत, खांब कुरकुरतात. तोकुदांनी बघून घेतलं, घर पडलं तर बागेच्या अंगाला पडेल, कोणाला इजा नाही. दारं अडकायच्या आधी मी आत गेले आणि मामंजी-सासूबाईंच्या नावाच्या पूजेतल्या पाट्या काढून आमच्या देव्हाऱ्यात आणून ठेवल्या. त्यांच्यापुढे रोज भात ठेवते. बाकी कशाला हात लावला नाही. हवं असेल ते येऊन न्या, पण फार दिवस उरलेत असं वाटत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. अंत्यविधीला तुम्ही सगळ्यांसमोर रडलात. म्हणालात, शरद ऋतूपासून माझं भावाशी बोलणंच झालं नाही हो, एकदा आवाज ऐकायला मिळाला असता तर. बायकांनी डोळे पुसले. मी तुमच्या पेल्यात चहा ओतत होते, ओतत राहिले. वन्सं, आदल्या संध्याकाळी यांनी तुम्हाला फोन केला तेव्हा मी शेजारीच मुळा सोलत होते. गुडघे साथ देत नाहीत ताई, म्हणाले, यंदा राहू दे, उन्हाळ्यात पाडून टाकू या. मग नुसतं हो ताई, हो ताई. फोन ठेवून त्यांनी रबरी बूट शेगडीजवळ सुकत घातले. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणाले, "ताई म्हणते, जपून चढ." पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. भिक्षू येतील, सगळे नातेवाईक येतील, सगळी गल्ली येईल. तुम्हीही या. सगळ्यांसमोर एवढंच सांगा की त्या संध्याकाळी तुम्ही यांच्याशी बोलला होतात, आणि काय बोललात. ते सांगायचं नसेल, तर येऊ नका.

तुमचीच,
हात्सुए