खाच असलेला बिल्ला

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय अठ्ठ्याहत्तर (शाळेत कधी नाव नव्हतं, तेव्हा दोन-चार वर्षं इकडे तिकडे), कागद कारखान्यात एकेचाळीस वर्षं रद्दी निवडून निवृत्त झालेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या शर्टाची बटणं एक काज चुकून लावल्याचंही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली.

त्यांच्या मते माझ्याकडे तीन महिने आहेत. तरी हा कागद मी गेल्यावर उघडायचा नाही. तो आजच, लिहिता लिहिता, खोलीतल्या सगळ्यांनी ऐकायचा आहे. खोलीत माझा मुलगा आहे, लगदा विभागाचा फोरमन. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, जिला आम्ही बारकी म्हणतो. साक्षीला बोलावलेला फिटर आणि शेजारचा शिंपी. आणि लिहिणारे अर्जनवीस. मुलानं कित्येक वर्षांत माझं बोलणं बसून ऐकलेलं नाही. वाटणी म्हटल्यावर खुर्ची ओढून पुढं आला आहे. बस बाबा, बस.

कलम एक. ही दोन खोल्यांची जागा माझ्या स्वकष्टाची असून तिच्यावर कोणाचा बोजा नाही. ती माझ्या पश्चात बारकीची. एक अट आहे, ती पुढं येईल.

"अट कसली, आई?" मुलगा म्हणाला. अर्जनवीस, हेही लिहा. त्याला घाई आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक सुनेला. डॉक्टरांनी बजावूनही तिनं माझ्या चहातली साखर कमी केली नाही. एवढं ऐकणारं माणूस या घरात दुसरं नाही.

कलम तीन. माझी हत्यारं: टाचण्या उचकटायची बोथट सुरी आणि दोरी बांधलेलं लोहचुंबक. दोन्ही बारकीला. एकेचाळीस वर्षं लोकांनी लिहिलेलं सगळं माझ्या हातातून लगद्याच्या टाकीत गेलं. वह्या, करारनामे, प्रेमपत्रं. मी एकही वाचलं नाही, म्हणून कोणाचं गुपित फुटलं नाही. टाचणी मात्र एक सुटू दिली नाही. टाचणी टाकीत गेली की पाती खराब होतात, आणि पाती दुरुस्त करायला कोणीतरी आत उतरावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे हा फिटर.

कलम चार. मी मुलाला काय शिकवलं याची कबुली. तो कारखान्यात लागला तेव्हा मी त्याला ओळखी जोडायचे धडे दिले. साहेब दिसले की हातातलं काम खाली ठेव. त्यांच्या मुलीची परीक्षा कधी आहे ते लक्षात ठेव, आणि निकालाच्या दिवशी फळांची करंडी घेऊन पहिला तूच पोहोच. ते जे मागणार असतील ते मागायच्या आधी हजर कर. आपल्याच मुलाला मी असं वळण लावलं आणि शेजारणींना कौतुकानं सांगत फिरले. पोरगं हुशार. शिकवणारीला धडकी भरावी इतकं चांगलं शिकलं.

कलम पाच. शिवणाच्या डब्यात, बटणांखाली, एक पितळी बिल्ला आहे. बारकी, काढ तो. टेबलावर ठेव.

तेव्हा कारखान्यात रीत होती. टाकीत उतरणाऱ्यानं, यंत्र सुरू करायच्या बटणाच्या पेटीजवळच्या हुकावर आधी आपला बिल्ला अडकवायचा. बिल्ला हुकावर असेपर्यंत बटणाला कोणी हात लावायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच तो काढायचा, मग खुद्द मालक का येईना. अंधारातही बोटांना कळावा म्हणून फिटरनं आपल्या बिल्ल्याच्या कडेला कानशीनं खाच पाडली होती.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी साहेबांचे पाहुणे यायचे होते आणि टाकी बंद होती. साहेबांनी तोंडानं काही सांगितलं नाही. फक्त घड्याळाकडे पाहिलं. माझ्या मुलाला तेवढं पुरलं. हुकावर एक बिल्ला होता. फिटर बाहेर येऊन न्यायला विसरला असेल, असं तो धरून चालला. हाक मारली नाही. बिल्ला खिशात टाकला आणि बटण दाबलं.

फिटरचा उजवा हात कोपराखाली नाही, तो तेव्हापासून. अहवालात लिहिलं की त्यानं बिल्ला अडकवलाच नव्हता. त्याची नोकरी गेली. माझा मुलगा त्याच आठवड्यात फोरमन झाला. तिसऱ्या दिवशी त्याचा शर्ट धुताना माझ्या हाताला खाच लागली. मला बिल्ल्यावरचा आकडा वाचता येत नाही, खाच वाचता येते. मी बिल्ला बटणांखाली लपवला आणि संत्री घेऊन दवाखान्यात गेले. फिटरच्या उशाशी बसून फोडी सोलून दिल्या आणि म्हणाले, "असतं एकेकाचं नशीब." हे वाक्य माझ्या मिळकतीत धरा. ते कोणाच्याही वाट्याला देऊ नये.

"आई, बास! अर्जनवीस, हे लिहू नका." मुलगा उभा राहिला.

"अर्जनवीस, तुम्ही माझे की त्याचे?" मी विचारलं. त्यांनी दौतीकडे पाहिलं आणि लिहिलं.

"बाबा, खरं आहे हे?" बारकीनं विचारलं. तिच्या बापानं घड्याळाकडे पाहिलं. सवय आहे.

फिटर खुर्ची सरकवून टेबलाजवळ आला. मग म्हणाला, "मावशी, मला वाटायचं मी खरंच विसरलो होतो. बावीस वर्षं रोज ती सकाळ आठवतोय. अडकवला का, नाही अडकवला. बायको म्हणायची, तू विसरणारा नाहीस. मी तिच्यावरच ओरडायचो."

हे शब्द त्याचे, जसेच्या तसे. तशी नोंद करा.

बिल्ला मी फिटरला मृत्युपत्रानं देणार होते. अर्जनवीस म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवलं तर ते त्याला मिळत नाही. ठीक. जे माझं कधी नव्हतंच ते माझ्या मृत्युपत्रात कशाला? तो आज हातोहात परत करते आहे.

कलम सहा. सोमवार. बारकी परवापासून त्याच विभागात लागते आहे. साहेबांनी स्वतः बोलावलं, "आपल्या घरचीच मुलगी" म्हणाले. बापाला वाटतं, हे त्यानं जोडलेल्या संबंधांचं फळ. अरे, तुला ती सकाळ ठाऊक आहे म्हणून तुला दूर करायला साहेब भितात, आणि त्यांच्या भीतीला तू जिव्हाळा समजतोस. बिल्ल्यांची रीत त्यांनी मोडली. आता नोंदवही आहे. आत गेलेली सगळी माणसं बाहेर आली, अशी तिच्यात एक सही करायची की यंत्र सुरू. त्या सहीसाठी त्यांना शिकलेलं, नवं आणि उपकाराखाली दबलेलं माणूस हवं होतं. सोमवारी टाकी साफ व्हायची आहे. ठेकेदाराची तीन माणसं आत उतरणार. उद्या काही झालं तर साहेबांचं नाव त्या पानावर कुठंही नसेल. माझ्या नातीचं असेल.

कलम सात, म्हणजे मी पहिल्यांदा जो धडा द्यायला हवा होता तो. बारकी, ओळखी जरूर कर. ओळखीशिवाय कोणाचं चालत नाही. पण सुरुवात खालून कर. फाटकावरच्या पहारेकऱ्याला रोज नावानं विचारपूस कर, आणि उत्तर ऐकायला थांब. भांडारवाल्याकडून जे नेशील ते पुसून परत दे. तुझ्या कामात ज्याचा जीव आहे आणि ज्याच्या कामात तुझा जीव आहे, तो तुझा माणूस. साहेबांना नमस्कार कर, मान राख, चांगलं काम दाखव. आणि जे येत नाही ते विचार, कोणाला तरी विचारल्याशिवाय ओळख होत नाही. फिटर आता सायकल स्टँड सांभाळतो. बिल्ला दाखवल्याशिवाय कोणाची सायकल सोडत नाही, साहेबांच्या मुलीचीही सोडली नव्हती. तुझं वहीचं काम कसं करायचं ते त्याच्याकडून शीक. तो शिकवेल की नाही, हे सांगायचा हक्क मला नाही.

आता अट. आत उतरलेल्या प्रत्येकाला नावानं हाक मारून, त्याची ओ आल्याशिवाय, बारकीनं त्या वहीत सही करायची नाही. केली, तर हे घर तिचं नाही. ते फिटरच्या मुलांचंही नाही, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीनं हाताची किंमत केली. ते विकून कारखान्याच्या फाटकासमोर

इथं थांबावं लागलं. बारकीच्या फोनवर साहेबांचा निरोप आला. तिनं मोठ्यानं वाचला: "सोमवारचं पान आज संध्याकाळीच सही करून जा. सकाळी घाई नको."

"आज?" शिंपी म्हणाला. "अजून आत कोणी उतरलंच नाही की!"

वरचं वाक्य अर्धंच राहू द्या, अर्जनवीस. मला आता ते पूर्ण करावंसं वाटत नाही. पोरीनं निरोप लपवला नाही, मोठ्यानं वाचला, तेवढं मला पुरे.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर ते खोटं निघालं असतं.

ठिकाण: माझी स्वयंपाकाची खोली. दिवस: महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार.

अंगठा: करून देणारी.

साक्षीदार पहिला: फिटर. सही डाव्या हाताने.

साक्षीदार दुसरा: शिंपी.

लिहिणाऱ्याची टीप: वरील मजकूर वाचून दाखवला व तो बरोबर असल्याचे बाईंनी सांगितले. सही करण्याआधी पहिल्या साक्षीदाराने बिल्ल्याच्या खाचेवरून अंगठा फिरवला. सही झाल्यावर बिल्ला नातीच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "हूक अजून आहेत. काढले नाहीत त्यांनी, नुसता वरून रंग मारलाय." नातीने साहेबांना उलट निरोप पाठवला: "आत उतरणाऱ्या तिघांची नावं काय?" निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आले नाही. हे लिहीत असताना मुलाचा फोन वाजतो आहे. त्याने अजून उचललेला नाही.