खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणि बारा सालचा आल्बम

मी, ऑगस्टा व्हिटलॉक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, चौतीस वर्षे भूगोलाची शिक्षिका, राहणार फेअर ओक, आयोवा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने, दिवसाढवळ्या लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने मला जगातल्या कोणत्याही देशाची राजधानी विचारावी, युद्धानंतर ज्यांच्या सीमा हलल्या त्या देशांचीसुद्धा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू पाहणारे थकून घरी गेले आहेत. याआधी काही लिहून ठेवले असेल तर ते आजपासून रद्द समजावे.

कलम १. एल्म रस्त्यावरचे राहते घर, आवारासह, माझी एकुलती बहीण विनिफ्रेड टेट, राहणार लिव्हिंग्स्टन, मॉन्टाना, हिला मिळावे. घर आमच्या वडिलांनी बांधले. पूर्वेकडची खोली तिची होती. ती गेल्यापासून छत्तीस वर्षे मी तिथे इस्त्रीचे कपडे ठेवत आले, याखेरीज त्या खोलीत काहीही बदललेले नाही. भिंतीचा कागदसुद्धा तोच आहे, आणि तो तिनेच पसंत केला होता, त्यामुळे तक्रार करायची तिला सोय नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून शाळेसाठी जगाचा नवा नकाशा घ्यावा, कापडावर चिकटवलेला, गुंडाळता येणारा. उरलेले विनिफ्रेडला द्यावे.

कलम ३. स्वयंपाकघरातली शेगडी आणि कुंपणालगतचा रुबार्बचा वाफा शेजारीण हॅटी बर्डसॉल हिला द्यावा. वाफ्यातून ती वीस वर्षे मला न विचारता खुडून नेते आणि वीस वर्षे त्याच्याच आंबट देठांचा 'पाय', म्हणजे गोड सारणाची भाजलेली पोळी, करून माझ्या दारात ठेवते. दोन हिवाळ्यांपूर्वी मला न्यूमोनिया झाला तेव्हा ती अकरा दिवस माझ्या उशाशी बसली. तोंडाची फटकळ आहे, पण मी तिची ऋणी आहे, आणि हे तिला मी मेल्यावरच कळावे.

कलम ४. श्रीमती ओफेलिया गंट यांनी १९२६ साली माझा नायगाराचा आल्बम चार दिवसांसाठी म्हणून नेला आणि पाच महिन्यांनी परत केला, नवव्या पानावर चेरी-पायचा डाग पाडून. "तो आधीपासूनच होता, ऑगस्टा," असे त्या म्हणाल्या. ते पान मी सोडवून पाकिटात घातले आहे. ते त्यांना द्यावे, म्हणजे डागाची आणि त्यांची पुन्हा भेट होईल. आमच्यात दुसरे वैर नाही.

कलम ५. माझे प्रवासाचे आल्बम एकूण अकरा. सेंट लुईसचे प्रदर्शन, नायगारा, ग्रँड कॅन्यन, मेन राज्याचा किनारा वगैरे धरून दहा आल्बम गावच्या वाचनालयाला द्यावेत. काळी पाने, पांढऱ्या शाईतली अक्षरे, सगळे माझ्या हातचे आहे. ते वेगळे करू नयेत, फोटो सुटे करून वाटू नयेत, आणि कात्री हाताशी असलेल्या रागीट माणसाजवळ तर मुळीच देऊ नयेत. हे मी अनुभवाने लिहीत आहे.

बघणाऱ्यांना एक सूचना. या दहा आल्बमांत मी कुठेही दिसणार नाही. कॅमेरा माझ्या हातात असे. विकणाऱ्याने मला पहिल्याच दिवशी बजावले होते की सूर्य नेहमी आपल्या पाठीशी असावा. तो नियम मी धर्मासारखा पाळला. त्यामुळे सगळी माणसे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी आहेत, आणि बऱ्याच फोटोंच्या खालच्या कडेला रुंद टोपीची एक सावली पडलेली आहे. ती सावली म्हणजे मी.

कलम ६. माझा घडीचा कॅमेरा औषधवाले लायमन क्रूज यांना द्यावा. त्यांनी माझी प्रत्येक फिल्म दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुतली. वाईट आलेल्या फोटोला त्यांनी कधी चांगले म्हटले नाही आणि चांगल्याचे कौतुक करायला कधी विसरले नाहीत. असा माणूस गावात असणे हे भाग्य आहे.

कलम ७. आता बारा सालचा, म्हणजे १९१२ चा, यलोस्टोनचा आल्बम. तो दहांत धरलेला नाही.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि विनी अकरा. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले, तिच्या तापात मी जागले. मोठ्या झाल्यावर आम्ही ठरवले की दर उन्हाळ्यात दोघींनी मिळून देशातले एक ठिकाण बघायचे. चार उन्हाळे तसे पार पडले. पाचव्या उन्हाळ्यात आम्ही यलोस्टोनला, गरम पाण्याच्या कुंडांच्या आणि फवाऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानात, गेलो. गार्डिनरला आगगाडी सोडायची आणि पुढे सहा दिवस चार घोड्यांच्या गाडीतून हिंडायचे, रात्री तंबूत मुक्काम. आमच्या गाडीच्या सारथ्याचे नाव ऑरिन टेट. उंच, उन्हाने रापलेला, आणि बोलायला एक नंबरचा.

तिथे एक कुंड होते. लोक त्यात हातरुमाल टाकत, पाणी तो आत ओढून घेई आणि थोड्या वेळाने धुऊन वर आणून देई. सगळ्यांचे रुमाल आले, माझा आला नाही. मी काठावर घड्याळ धरून उभी राहिले. ऑरिनने खिशातून स्वतःचा रुमाल काढून दिला.

"घ्या, मास्तरीणबाई. कुंडानं तुमच्याच रुमालाला शाळेनंतर थांबवून घेतलंय."

विनी पोट धरून हसली. मी हसले नाही, पण रुमाल घेतला.

पाचव्या दिवशी मी सगळ्यांना गाडीसमोर उभे करत होते. "टोपी वर करा, डोळे उघडे ठेवा," असे बहुधा सातव्यांदा म्हटले असेन. तेव्हा हा माणूस रांगेतून निघाला आणि माझ्या हातातला कॅमेरा त्याने सरळ काढून घेतला.

"बाई, सूर्य कायम तुमच्या पाठीशी. म्हणून तुम्हाला वाटतं, बाकीचे उगाच तोंड वाकडं करतात. एकदा इकडं उभं राहून बघा की!"

त्याने मला उन्हाकडे तोंड करून उभे केले. काहीच दिसेना. डोळ्यांतून पाणी यायला लागले, आणि मला हसू फुटले. त्याच क्षणी त्याने फोटो काढला. माझ्या सर्व प्रवासांतला माझा तो एकुलता एक फोटो.

दुसऱ्या दिवशी गार्डिनरच्या फलाटावर सामान गाडीत चढले, मी चढले, आणि विनी खालीच उभी राहिली.

"गस्टी, मी येत नाहीये."

"वेडेपणा करू नकोस. चढ."

"मी ऑरिनशी लग्न करतेय. तेहतीस वर्षांची आहे मी. मला माझं कळतं."

"हा घोडेवाला हिवाळ्यात काय खायला घालणार आहे तुला? रस्त्याची धूळ?"

ऑरिन शेजारी टोपी हातात धरून उभा होता. गाडी हलल्यावर मी खिडकीबाहेर बघितले नाही. फिल्मवर एक फोटो शिल्लक होता. तो मी काढला नाही.

सप्टेंबरात लग्नाची चिठ्ठी आली. आल्बम तेव्हा नुकताच पुरा झाला होता. मी शिवणाची कात्री घेतली आणि पाच फोटोंतून ऑरिन टेट कापून काढला, खांद्यापासून वर, खालच्या कागदासकट. तुकडे फेकवले नाहीत. ते खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकले आणि आल्बम ट्रंकेच्या तळाशी ठेवला. नाताळात विनीने त्याचा एक फोटो पाठवला. मी तो आलेल्याच पाकिटात परत धाडला. तेव्हापासून दर नाताळाला तिचे नुसते कार्ड येते. मी दोन ओळींत हवामान कळवते.

गेल्या ऑक्टोबरात ऑरिन वारला. जानेवारीत धुराड्यातली ठिणगी पडून त्यांचे घर जळाले. विनी अंगावरच्या कोटानिशी बाहेर पडली आणि आता तिथेच भाड्याच्या घरात राहते. एप्रिलमध्ये तिचे पत्र आले. जसेच्या तसे उतरवते:

"गस्टी, माझ्याकडे त्याचा एकही फोटो उरला नाही. सकाळी उठून त्याचा चेहरा आठवायला बसते, तर कधी नाक आठवतं, कधी नुसती टोपी. तुझ्याकडे तो यलोस्टोनचा आल्बम असेल ना? तू तर काहीच टाकत नाहीस. एक फोटो दे. फार झालं का मागणं?"

पाच आठवडे झाले, मी उत्तर दिलेले नाही. काय लिहू? होता, पण मी कापला?

ट्रंकेतून आल्बम काढला. पाच भोके होती. आता, आल्बमच्या पानाला दोन बाजू असतात आणि मी दोन्हीकडे फोटो डकवते, ही गोष्ट मुलांना पृथ्वी गोल आहे हे शिकवणाऱ्या बाईच्या लक्षात यायला हवी होती. चार ठिकाणी पाठीमागचे नुकसान किरकोळ आहे: एका अस्वलाचे बूड, एका फवाऱ्याची वाफ, एक तंबू, थोडे आकाश. पाचव्या ठिकाणी एक बाई उभी आहे. हातात दुर्बीण, अंगावर धुळीचा लांब कोट, आणि मानेवर काही नाही.

डबीतला तो तुकडा शोधून उलटा केला. एका बाजूला ऑरिन, दुसऱ्या बाजूला मी. डोळे मिटलेले, तोंड उघडे, हसून हसून बेजार झालेली. मला असे हसताना पाहिल्याचे या गावात कोणालाही आठवणार नाही. मलाच आठवत नव्हते. छत्तीस वर्षे आम्ही दोघे एका डबीत पाठीला पाठ लावून पडलो होतो, आणि मी समजत होते की मी फक्त त्यालाच कोंडले आहे.

मी फार वेळ रडले. ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

तेव्हा ऑरिन टेट याला, तो हे वाचू शकत नसला तरी, माझ्याकडून आभार. त्याने माझ्या बहिणीला छत्तीस हिवाळे सांभाळले. नाताळच्या कार्डांतून तिने एकदाही थंडीची तक्रार केली नाही, आणि विनी तक्रार पोटात ठेवणाऱ्यांतली नव्हे. मी फलाटावर त्याच्याबद्दल जे विचारले त्याचे उत्तर त्याने असे दिले.

सदर आल्बम आणि डबी, ऑरिनच्याच रुमालात बांधून, माझ्या मृत्यूनंतर विनिफ्रेड टेट हिला टपालाने पाठवावी. ~रद्द. पाहा कलम ९. ऑ. व्हि.~

कलम ८. दफन आईशेजारी करावे. भाषणे नकोत. हॅटीला बोलायचे असल्यास तिला थांबवता येणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम ९. आज सकाळी हा मसुदा वकील एल्बर्ट पॉग यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सातवे कलम वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"मिस व्हिटलॉक, कायद्याच्या दृष्टीनं यात काही खोट नाही. एक विचारू? तुमच्या बहिणीचं वय काय?"

"एकोणसत्तर."

"तब्येत?"

"छाती अधू आहे."

"आणि तुमची?"

"न्यूमोनियाला पुरून उरले मी, मिस्टर पॉग!"

"तेच म्हणतोय. तुमच्या घराण्यातल्या बायका कधी जातील ते सांगता यायचं नाही. तुम्ही नव्वदीपर्यंत टिकलात, तर हे पार्सल मी कोणाच्या पत्त्यावर धाडू?"

मी म्हटले, तुम्ही फार आगाऊ आहात. ते म्हणाले, "असेन. पण तुम्ही हे मेल्यावर पाठवताय ते तिच्यासाठी नाही. तिच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून."

चौतीस वर्षे मी मुलांच्या चुका काढल्या. माझी चूक कोणी इतकी सरळ काढली नव्हती. मला राग आला, आणि रस्ता ओलांडेपर्यंत तो गेला. त्या रस्त्यापलीकडेच स्टेशन आहे.

म्हणून कलम ७ मधील टपालाची तजवीज मी माझ्या हाताने रद्द केली आहे. सोमवारच्या गाडीने, सेंट पॉलला गाडी बदलून, मी स्वतः लिव्हिंग्स्टनला जात आहे. आल्बम, डबी व रुमाल बरोबर घेतले आहेत. विनीला तार केली आहे: "ऑरिन माझ्याकडे आहे. घेऊन येते. गस्टी." पाच तुकडे तिच्या टेबलावर मांडून मी काय केले ते सांगेन. ती दार लोटून देईल, किंवा देणार नाही. तो अधिकार तिचा आहे. चार तुकडे जागच्या जागी डकवावेत. पाचव्या तुकड्याच्या दोन बाजू सोडवण्याचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये. ज्याला तो चेहरा हवा त्याने माझाही घ्यावा.

विनीने घरात घेतलेच, तर कलम १ मधील पूर्वेकडची खोली तिला माझ्या मरणाची वाट न पाहता मिळावी. कपडे मी काल तिथून हलवले.

कॅमेराही नेत आहे. लायमन यांनी तो मी परतल्यावर घ्यावा. त्यांनी नवी फिल्म घालून दिली आहे, सहा फोटोंची. पहिला फोटो विनीच्या दारात काढायचा आहे. तो शेजारच्या कोणीतरी काढावा. सूर्य त्याच्या पाठीशी असू दे. ऊन मी तोंडावर घेईन.

लिहून ठेवले, वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: ऑगस्टा व्हिटलॉक

आमच्या देखत सही झाली. बाई शुद्धीवर होत्या आणि घाईत होत्या:

१. एल्बर्ट पॉग, वकील
२. सायलस डेनिंग, स्टेशनमास्तर (सोमवारचे तिकीट मीच दिले. परतीची दोन मागितली.)

स्थळ: फेअर ओक, आयोवा
दिनांक: २१ मे १९४८