पूर्वीच्या मालकास

चि. तज्ज्ञ यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद जुनेच आहेत, पण चालू स्थितीत आहेत.) इकडे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा जिन्याच्या अकराव्या पायरीपर्यंत बरा असतो, बाराव्या पायरीला तो आपलं मत मांडतो. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला मी गेल्या तीन आठवड्यांत नऊ फोन केले. पहिल्या दोन वेळा ‘रेंडर लावलाय ताई, नंतर बोलतो’ एवढं तरी ऐकायला मिळालं, पुढच्या सात वेळा तेही नाही. म्हणून हे पत्र. फोन वाजत असताना पालथा घालता येतो, मेसेज न उघडता वाचता येतो. पाकीट मात्र फोडावंच लागतं. आता या जमान्यात पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं, हे पाहून तुझ्यासारखा तंत्रनिष्ठ माणूस कपाळाला हात लावेल. तर त्याचं कारण असं की मी अखेर तुझं ऐकलं. बारा वर्षं तू माझ्यामागे लकडा लावला होतास, ‘ताई, ते खटारं टाक आणि आमच्यात ये, तुमच्याकडचे व्हायरस आमच्याकडे नसतात, आमच्याकडे सगळं आपोआप होतं.’ मी आले. आल्यापासून मला हाताने लिहावं लागतंय.

निमित्त माझ्या जुन्या लॅपटॉपने दिलं. तुला माहीतच आहे, बावीस वर्षं मी घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. ‘उपकरण भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवावे’ हे वाक्य माझं आहे, आणि ते हजारो घरांत पोचलंय. (वाचलं कुणीच नाही. इतरांनी लिहिलेल्या पुस्तिका मीही वाचत नाही. सूचना देणं हा माझा धंदा आहे, घेणं नाही.) तर एके सकाळी मी हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पुस्तिकेत ‘गाळणी दर सहा महिन्यांनी बदलावी’ इथपर्यंत आले होते, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला: ‘आपले यंत्र नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.’ खाली बटण एकच, ‘ठीक आहे’. म्हणजे अपमान त्यांनी करायचा आणि संमती आपण द्यायची. लग्नाच्या बाबतीत मला चार जणांनी नकार दिला, पण इतक्या स्पष्ट शब्दांत एकानेही नाही. ते निदान ‘कळवतो’ म्हणून गेले. (अजून कळवतायत.) मी ते वाक्य भाषांतरकार म्हणून पुन्हा वाचून पाहिलं. भाषांतर चांगलं होतं, त्यामुळे जास्तच लागलं.

नवा लॅपटॉप घ्यायचा प्रश्नच नव्हता, तुमच्या पंथात (म्हणजे तुझ्या त्या लाडक्या कंपनीच्या लॅपटॉपवाल्यांत) प्रवेश जबर महाग आहे. म्हणून मी रीफर्बिश्ड लॅपटॉपच्या दुकानात गेले. हे दुकान चष्म्याच्या दुकानाच्या मागे आहे. आत जाताना चष्मेवाल्याच्या आरशांत आपलाच चेहरा सात-आठ वेळा दिसतो आणि तेवढ्या वेळात परत फिरायची संधी असते. मी फिरले नाही. दुकानदार गोड माणूस. ‘जुना’ हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नाही, पण प्रत्येक यंत्राचा पूर्वेतिहास मात्र त्यांना पाठ आहे. हा बँकेतल्या एका मॅडमचा, फक्त मेल बघायच्या. तो एका निवृत्त मुख्याध्यापकांचा, फक्त मेल बघायचे. पलीकडचा एका डॉक्टरांचा, त्यांना मेलसुद्धा बघायला वेळ नसायचा. एकूण पाहता लॅपटॉप घेऊन त्यावर काही काम करणारा माणूस जगात उरलेला नाही असं दिसतं. मी सतरा प्रश्न कागदावर लिहून नेले होते. अकराव्या प्रश्नाला त्यांनी मला पाणी दिलं, बाराव्याला ते स्वतः प्यायले. शेवटी एक करडा लॅपटॉप मला पसंत पडला. डाव्या कोपऱ्याला पोचा आणि जे, के, एल ही शेजारशेजारची तीन बटणं झिजून गुळगुळीत झालेली, बाकी चेहरा सालस.

‘मॅडम, हा डोळे मिटून घ्या,’ ते म्हणाले, ‘एका बाईंचा होता. अगदी जपून वापरलाय.’

‘फक्त मेल?’ मी विचारलं.

‘फक्त मेल,’ त्यांनी सांगितलं. मेल बघायला जे, के आणि एल इतके कशाला लागतात, हा अठरावा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला.

घरी आणून टेबलावर ठेवला. आईने चष्मा पुसला, लावला, एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘हा धाकट्याचा ना?’ मी म्हटलं, ‘आई, हे सगळे सारखेच दिसतात.’ त्यावर ती म्हणाली, ‘दिसत असतील. पोचा सारखा नसतो.’ मी तिकडे दुर्लक्ष केलं. (आईचं म्हणणं कानाआड करण्याचा सराव मला तुझ्याइतकाच आहे.)

पुढचे दोन दिवस मी तुमच्या पंथात काढले. पहिला धक्का असा की खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून उठून डावीकडे गेलंय. एखाद्याने आपल्याच घरात येऊन कडी दुसऱ्या बाजूला लावावी तसं होतं. बरं, खिडकी बंद केली तरी तो प्रोग्राम जात नाही, खाली पट्टीत ठिपका लावून बसून राहतो. निरोप घेऊन दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. मजकुराची नक्कल, म्हणजे कॉपी, करायला मी सवयीने कोपऱ्यातलं बटण दाबायची आणि काहीच घडायचं नाही. ते काम आता शेजारच्याच्या शेजारच्या बटणाकडे दिलंय. माझ्या करंगळीला बावीस वर्षांची नोकरी सोडावी लागली आणि तिच्या जागी अंगठा रुजू झाला. तरी मी तक्रार केली नाही. पुस्तिकेची चौसष्ट पानं वीस तारखेला द्यायची होती आणि मी नेटाने एकोणिसाव्या पानापर्यंत पोचलेही.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातून अशी चूक झाली की जी माझ्या धंद्यातल्या बाईकडून होऊ नये. मी सूचना वाचल्या. नुसत्या वाचल्या असत्या तरी निभावलं असतं, मी त्या पाळल्या. ‘वापरलेले यंत्र घेतल्यास प्रथम त्यातील सर्व काही पुसून नव्याने सुरुवात करावी,’ असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. वाक्यरचना इतकी निर्दोष होती की माझा विश्वास बसला. एकोणीस पानं बाजूला काढून ठेवली (तेवढं शहाणपण उरलं होतं) आणि बटण दाबलं. त्याने विचारलं, ‘खात्री आहे?’ मी आहे म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा आहे म्हटलं. मग बराच वेळ पट्टी पुढे सरकत राहिली, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला आणि पडद्यावर एक कुलूप आलं. खाली मजकूर: ‘हे यंत्र पूर्वीच्या मालकाचे आहे. पुढे जाण्यासाठी त्यांचा पासवर्ड द्यावा.’ त्याखाली मालकाची खूण म्हणून ईमेलचं पहिलं अक्षर, मग टिंबांची रांग, आणि फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे. चार आणि सात. जगात सत्तेचाळीसने संपणारे फोन पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण तीन आठवड्यांत तेच दोन आकडे मी नऊ वेळा पाहिले होते.

मी लॅपटॉप काखोटीला मारून पुन्हा चष्मेवाल्याच्या आरशांतून आत गेले. दुकानदारांनी कुलूप बघितलं आणि त्यांचा गोडवा जरा पातळ झाला. ‘मॅडम, चालू होतं ते पुसायला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, सूचनेत होतं. ‘सूचना कोण वाचतं, मॅडम?’ हा प्रश्न बावीस वर्षांत मला इतक्या तोंडावर कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी समजावलं की विकणाऱ्याचं आपल्या खात्यातून बाहेर पडायचं राहून गेलंय, ते जोवर कुलूप काढत नाहीत तोवर हा लॅपटॉप म्हणजे पाट. आणि ते फोन उचलत नाहीत. (माझाही उचलत नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं.) माझी समजूत काढावी म्हणून त्यांनी खण उघडून एक कापडी पिशवी पुढे केली. ‘याच्याबरोबर आली होती. कुणी घेत नाही, तुम्ही घेऊन जा.’

हिरव्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची, मीच शिवलेली पिशवी. तिला बाबांच्या कोटाचं तपकिरी बटण. आणि एका बाजूला वाकडी गेलेली टीप, ती वाकडी का गेली हे मला आठवतं, कारण तू शेजारी उभा राहून ‘झालं का, झालं का’ करत होतास. मी दुकानदारांना विचारलं, ‘ह्या बाई दिसायला कशा होत्या हो?’ ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, ‘दाढी होती.’

चार महिने झाले म्हणाले. खोका, चार्जर, सगळं पुसूनबिसून आणलं होतंस. पायरी उतरून गेलास, पुन्हा आत आलास, झाकण उघडून बघितलंस आणि ‘काही नाही, बंद केलाय ना ते बघत होतो’ म्हणालास. दुकानदारांच्या लक्षात राहिलं, कारण इतर लोक मागे वळून बघत नाहीत.

आता मला सांग, दुसऱ्यांच्या चित्रफिती कापून जोडणं हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्याने चार महिन्यांपूर्वी आपलं यंत्र विकलं, आणि त्यानंतर मला निदान अकरा वेळा ‘रेंडर लावलाय’, म्हणजे जोडलेली चित्रफीत यंत्रावर शिजत ठेवलीय, असं सांगितलं. कशावर लावला होतास, गॅसवर? ती झिजलेली तीन बटणं मी नंतर शोधून काढली. एकाने चित्र मागे जातं, एकाने थांबतं, एकाने पुढे. तुझ्या बोटांनी झिजलेली बटणं मी तीन दिवस दाबत होते आणि मला कळलं नाही. राग आला. वस्तू तुझी, तू विकलीस, त्याचा नाही. चष्म्याच्या दुकानामागच्या त्या परक्या माणसाला जे चार महिने ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं, त्याचा आला. मग वाईट वाटलं. ते अजून वाटतंय आणि ते बंद कसं करावं याची सूचना मला कुठे सापडलेली नाही. काम कधी थांबलं, का थांबलं, हे मी विचारणार नाही. (विचारीन, पण जेवण झाल्यावर.)

असो. मुद्द्याचं तेवढं सांगते. चौसष्ट पानं वीस तारखेला द्यायची आहेत, लॅपटॉप कुलपात आहे आणि किल्ली तुझ्याकडे. तरी पत्र पोचताच पासवर्ड कळवावा. घरात तुझ्याखेरीज कुणी असेल त्यास नमस्कार सांग, कुणी नसल्यास तोही तूच ठेवून घे.

तुझी,
ताई

ता. क. पोचा आईने पाडलाय. तीन वर्षांपूर्वी तू इथे राहायला आला होतास तेव्हा टेबल पुसायला म्हणून तिने लॅपटॉप उचलला आणि बेसिनच्या कडेवर आपटला. नंतर तू, पोचा त्यांनीच पाडला असं समजून, दोन दिवस कुरिअर कंपनीशी फोनवर भांडत होतास, ते तिने शेजारी बसून शांतपणे ऐकलं. हे तिने परवा कबूल केलं. तुला सॉरी म्हणायचंय, पण फोनवर म्हणणार नाही म्हणते. समोर आलास तरच.

ता. क. २. दुकानदार म्हणाले की मालक कुठेही बसून, हातातल्या फोनवरून, दोन मिनिटांत हे कुलूप काढू शकतो. तू काढू नकोस. पासवर्डही पाठवू नकोस. वर मागितलाय खरा, तो भाग खोडायचा राहिला. ‘बदलून दुसरा देतो’ असंही ते तीनदा म्हणाले, मी तिन्ही वेळा नको म्हटलं. तू शनिवारी ये. दोन-चार दिवसांच्या बेताने नको, कपडे जरा जास्त आण.

ता. क. ३. पुस्तिका काल गेली, दोन दिवस आधीच. माझ्या त्या अपात्र लॅपटॉपवर केली. तो उत्तम चालतो, रोज सकाळी मला तो चौकोन दाखवतो, मी ‘ठीक आहे’ म्हणते आणि आम्ही कामाला लागतो. तेव्हा हे पत्र हाताने लिहिण्याचं खरं कारण पाकिटाचं, तेवढंच. करड्या लॅपटॉपची मला गरज नाही. बाबांचं बटण सैल झालं होतं ते घट्ट केलंय, पिशवी धुतलीय, आणि खिडकीजवळच्या टेबलाची तुझी बाजू रिकामी करून तो तिथे ठेवलाय. आई रोज एकदा झाकण उघडून बघते. रोज तोच मजकूर येतो: ‘हे यंत्र पूर्वीच्या मालकाचे आहे.’ भाषांतर ठीकच आहे. मी एकच दुरुस्ती सुचवीन, ‘पूर्वीच्या’ हा शब्द काढावा.