टेप लावलेलं दार

रियाध,
२२ जानेवारी १९९१

चि. सुमीत यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही तिघंही धड आहोत हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

इराकी क्षेपणास्त्राचा सायरन झाला की झोपायच्या खोलीत शिरायचं, दाराच्या फटींना रुंद टेप लावायची, खाली ओला टॉवेल कोंबायचा आणि तोंडाला मास्क. विषारी वायू आलाच तर म्हणून. तुझ्या भावजींनी बँकेच्या थाटात नियम काढलाय: एकदा टेप लागली की दार उघडायचं नाही, बाहेर ते स्वतः असले तरी. मी म्हटलं, बरं साहेब!

माझा आणि क्षितिजाचा इथून बाहेर जायचा व्हिसा झालाय. जेद्दाहून मुंबईची विमानं सुटताहेत. ह्यांना मात्र बँक सोडत नाही. जाऊ की राहू, डोकं फुटायची वेळ आलीय बघ. सकाळी बॅग भरते, दुपारी उपसते. शाळा बंद, म्हणून लेक दिवसभर पायात.

तुझे आयर्लंडचे मठ-किल्ले काय म्हणतात? खोलीत बसून पोरीला सांगायच्या माझ्या गोष्टी संपल्या. लांबलचक लिही, बँकेच्या कुरिअरने पत्र लवकर मिळतं. आणि नुसते बटाटे खाऊन राहू नकोस. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेमलता

किलकेनी,
२९ जानेवारी १९९१

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाकीट बघून जीव भांड्यात पडला आणि वाचून पुन्हा उडाला.

कॉलेजतर्फे नोर नदीच्या खोऱ्यात जुन्या इमारतींची मोजणी करतोय. दर वळणावर काहीतरी उभं आहेच: पडका मठ, दगडी पूल, कुणा सरदाराचा चौकोनी बुरूज. एका मठाच्या ओवरीत खांबावर पोट धरलेला माणूस कोरलाय, थेट लग्नात जेवून उठलेले आपले काका! क्षितिजाला सांग.

आणि गोल मनोरे. दार जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंच. हल्ला आला की साधू शिडीनं वर चढायचे आणि शिडी आत ओढून घ्यायचे, असं गावकरी सांगतात. आमचे सर म्हणतात, दंतकथा असेल.

ताई, तूही शिडी ओढून घे. भावजी स्वतःला सांभाळतील, तू पोरीला घेऊन नीघ. रेडिओवर रियाधचं नाव आलं की माझी मापं चुकतात. चिडायचं तर खुशाल चीड, पण मुंबईला पोचून चीड. रागातही थोडा लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
सुम्या

रियाध,
९ फेब्रुवारी १९९१

चि. सुम्यास,

आशीर्वाद. पोट धरलेल्या माणसावर क्षितिजा खूप हसली. मनोऱ्याचं ऐकून मात्र तिनं इंग्रजीत विचारलं, की एखादा साधू तेव्हा शेतावर असला तर? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

परवा संध्याकाळी हे कोपऱ्यावर खुब्स आणायला गेले आणि सायरन झाला. रोटीच आणायची म्हणून मास्क घरीच. मी वाट पाहिली, मग टेप लावली. जरा वेळानं दाराबाहेर ह्यांचा खोकला ऐकू आला. ह्यांनी ना हाक मारली, ना दार वाजवलं. पोरगी बाबा, बाबा करत दाराकडे धावली, तिला मी दोन्ही हातांनी आवळून धरलं. शहराच्या कडेला, सुलै भागात धडाके होत होते, काचा थरथरत होत्या. हे दाराला टेकून बसलेत, ते मला कळत होतं. मी दार उघडलं नाही रे.

सगळं शांत झाल्यावर टेप ओरबाडून काढली. हे हसून शाब्बास म्हणाले. म्हणाले, आता तुम्हाला पाठवायची मला काळजी नाही. अस्सा संताप आला मला! तोंडाला येईल ते बोलले आणि मग त्यांनाच धरून रडले. क्षितिजा तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

गुरुवारी आम्ही दोघी जेद्दाला निघतोय. पोरीसाठी जातेय असं सगळ्यांना सांगेन, आणि ते खोटंही नाही. पण तुला म्हणून लिहिते. नवरा बाहेर असताना मी दार बंद ठेवलं. ह्यांना सोडून जाणं मला जमायचं नाही, असं म्हणायला आता मला तोंडच उरलं नाही.

ह्यांना पत्र टाकत जा. या खेपेला लोभ माझ्यावर नको, त्यांच्यावर असू दे.

तुझी,
ताई