तिजेच्या गाण्यांचं झाड

तांडा, ता. आर्णी
१३ जुलै २०२५

चि. शीलास बापूचा पोटभर आशीर्वाद. जय सेवालाल.

इकडे सारे खुशाल आहेत. कपाशीची पराटी अजून गुडघ्याले लागाची आहे, तण काढाले डवरणी चालू आहे. तुही याडी शेवटी माय आहे, तिनं तुले काय कळवलं ते मले माहीत आहे. मांगून आलेला ट्रॅक्टर मले आयकू आला नाही, हे खरं. पण डायवरनं ब्रेक मारला अन् मी जिता आहे, मंग बोंब कायले?

कानाच्या मशीनचं नाव काढू नको. नायकच बहिरा आहे हे तांड्याले कळलं तं भांडण घेऊन माझ्या ओट्यावर कोण येईन? तीन वर्षं मान हालवून निभावून राह्यलो, पुढेही निभावतो. तुह्या भावाले, शामले, सांगशीन नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, अन् फोन त्याच्याच खिशात राह्यते, म्हणून तं हा कागद.

यंदा तिजेले मी घरीच झोपतो. पोरी उगवल्या गव्हाच्या डाल्यांभोवती नऊ दिवस गातीन, अन् मले नुसते हालते तोंडं दिसतीन. एकेकाळी याच गाण्यांवर मी नगारा वाजवला. आता ते पाह्यवत नाही बेटा.

तुहा,
बापू

पुणे
२१ जुलै २०२५

ती. बापूस शीलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी रागावले, मग ऑफिसातच रडले. घरी झोपायचं नाही. मी एक झाड करते आहे. दोन पुरुष उंच, बांबूचं, आणि सगळ्या अंगाला एलईडी दिव्यांच्या पट्ट्या. पोरी गातील ते खालचे माईक ऐकतील. आवाज खालच्या पट्टीत असला की बुंधा उजळेल, वर चढला की शेंडा. टाळी पडली की फांद्या. गाणं संपलं की झाड विझेल, शेवटच्या दिवशी ते विझलं की तुम्ही हात वर करून डाल्या विसर्जनाला उचलायला सांगायचं. नायकाचा मान जिथल्या तिथे राहील.

शामभाईला बांबू आणायला सांगा. विचारलं तर म्हणा, पोरीला शहराचं वारं लागलंय. राखीला येते. आणि मशीनचा हट्ट मी सोडलेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय.

तुमची,
हट्टी शीला

पुणे
१२ ऑगस्ट २०२५

ती. बापूस सा. न.

पोचले. राखीच्या दिवशी माझी काय फजिती झाली! पुण्यात ऑफिसातल्या मुलींना गायला लावून झाड तपासलं होतं, त्यांच्या हातात फक्त घड्याळं. आपल्या बायकांचे हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले असतात, हे मीच विसरावं? गाणं सुरू व्हायच्या आधीच झाड पिसाळल्यासारखं लुकलुकायला लागलं. याडी अजून हसत असेल. बांगड्यांचा आवाज गाळायला दोन दिवस गेले, पण शेवटी तुम्ही शेंड्याकडे बोट दाखवून म्हणालात की ही उंच आवाजाची पुष्पा गाते आहे, आणि खरंच पुष्पाच होती. माझं सगळं मिळालं.

दहीहंडीच्या लाइटिंगची कामं आहेत, म्हणून शेवटच्या दिवसाला मी नाही. कसं झालं ते सविस्तर लिहा, काटकसर करू नका.

तुमची,
शीला

तांडा, ता. आर्णी
२० ऑगस्ट २०२५

चि. शीलास बापूचे आशीर्वाद.

सविस्तर लिहितो. शेवटच्या सांजेले साऱ्याइच्या समोर बसलो. झाड असं गात होतं का मांडीवर माझे बोटं आपोआप चालाले लागले. मंग झाड विझलं. मी उठलो, ऐटीत हात वर केला, डाल्या उचलाचा हुकूम देल्ला. एकही पोरगी हालली नाही. तोंडं चालूच. पाहतो तं बकरीच्या पायात अडकून वायर निसटलेली, अन् शाम चिखलात पालथा पडून ते जोडून राह्यला.

भर गाण्यात नायकानं हुकूम सोडला, हे साऱ्या तांड्यानं पाह्यलं. म्हटलं, आता झाकून काय फायदा. उभ्यानंच सांगतलं का मले तीन वर्षांपासून आयकू येत नाही, दुसरा नायक पाहा.

कोणी चमकलंच नाही. ज्याचं माझं जन्मात पटलं नाही तो किसनसिंग समोर आला अन् सावकाश, ओठ दिसतीन असा बोलला. हे साऱ्याइले पहिल्या वर्षापासून माहीत आहे म्हणे. म्हणून तं लोक भांडण आधी घरीच मिटवतात, मंग माझ्या ओट्यावर येतात. ज्याची चूक असते तो मान खाली घालून बसते, म्हणजे माझा न्याय बरोबर पडते.

अन् मी तीन वर्षं समजून राह्यलो का माझी पारख लई बारीक. आधी राग आला, मंग लेकराइसमोर रडू आलं. पोरीइनं माझ्या पागोट्यात तीज, डाल्यातले गव्हाचे कोंब, खोवली, अन् नायक दुसरा पाहाले कोणी तयार नाही.

म्हणून आता दिवाळीची वाट पाहू नको. येत्या सुट्टीत ये, यवतमाळले जाऊन कानाचं मशीन घेऊ. किसनसिंगचा वावराच्या बांधाचा, धुऱ्याचा तंटा माझ्यापुढे येणार आहे, अन् त्यानं आताच बजावलं का यावेळी तो मान खाली घालणार नाही.

जीव लावते तसाच लावत राह्य.

तुहा,
बापू