नाव नसलेला चेहरा

३ मार्च

बसवला एकदाचा! चिमीने फोनवरून पाऊण तास शिकवलं — "आई, तिथे दाब. तिथे नको, अगं नको म्हटलं ना!" तिच्या लग्नात पडद्यावर लहानपणापासूनचे फोटो दाखवायचेत, म्हणून हा फोटो लावून ठेवायचा प्रोग्राम. आठ हजारांवर फोटो. हा म्हणे चेहरे ओळखून ज्याचे त्याचे गठ्ठे करतो. आपण फक्त नावं द्यायची.

पहिलाच प्रश्न — ही एकच व्यक्ती आहे का? एकीकडे हे, दुसरीकडे नणंदबाई! मिशी सोडली तर त्याचं तरी काय चुकलं? हसून हसून पुरेवाट झाली.

४ मार्च

अजून शोधतोच आहे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय आणि हे कुरकुरतायत.

५ मार्च

एका गठ्ठ्याला नाव सुचेना. सात फोटो. माणूस ओळखीचा नाही. चिमी सात वर्षांची, शाळेच्या शर्यतीत धावतेय — हा कुंपणापलीकडे. पोहण्याची स्पर्धा — हा सर्वांत वरच्या पायरीवर, खांबाला टेकून. स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेत. पदवीच्या समारंभात दाराशी. पंधरा वर्षांत केस मागे गेलेत, पाठ वाकलीये. माणूस तोच.

कुठल्याच फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही. चिमीकडे बघतो.

६ मार्च

स्वतःला समजावलं — असेल कुणाचा तरी बाप. मग वर्गाचे सगळे फोटो काढून बसले. एकाही पोराशेजारी हा नाही. प्रोग्राम चुकला म्हणावं, तर नणंदबाईंसारखं हसण्यावारीही नेता येईना. मोठं करून पाहिलं. डावी भुवई मधोमध तुटलेली, सातही फोटोंत.

भाजी करपली. दाराची कडी तीनदा बघून आले.

७ मार्च

चिमीचा फोन — "झाले का फोटो?" म्हटलं, होतायत. मग विचारलं, "तुझ्या मागे मागे कुणी येतं का गं कधी?" "आई! काहीतरीच!" हसली.

८ मार्च

ह्यांना दाखवलं. चष्मा पुसला, परत लावला. सातही फोटो पाहिले.

"काढून टाक."

"कोण आहे?"

"कोणी नाही."

आणि चहा तसाच टाकून उठले. बत्तीस वर्षांत ह्या माणसाने कपात घोटभर चहा ठेवलेला मी पाहिला नाही! ह्यांना माहीत आहे. आता त्या माणसाची भीती वाटावी की घरातल्याची, तेच कळेना.

९ मार्च

हे अंगणात सायकल उघडून बसलेत. सायकलला काही झालेलं नाही.

१० मार्च

आज संध्याकाळी बोलले. मी पीठ मळत होते, तेव्हा. माझ्याकडे पाठ करून.

चिमी चार वर्षांची होती. गल्लीच्या तोंडाशी गाडीने उडवलं. पाय तीन ठिकाणी मोडला. चाळीस दिवस मी तिच्या उशाशी, दवाखान्यात. गाडीवाला मी कधी पाहिलाच नाही. नुसते तळतळाट दिले, रोज.

तो घरी आला होता म्हणे. ह्यांनी गचांडी धरली. तरी विचारत राहिला, "चालेल ना हो ती?" हे ओरडले, "चालते की नाही ते लांबून बघ. माझ्या घराची पायरी चढू नकोस!"

"रागात बोललो गं. तो खरंच आला. तिच्या पहिल्या शर्यतीला. चिमी शेवटून दुसरी आली आणि तो कुंपणाला धरून रडत होता."

"मग?"

"मग पुढच्या वेळी मीच तारीख कळवली. दर वेळी कळवत आलो."

मी परात ढकलली आणि बाहेर गेले. तेवीस वर्षं! मी शिव्याशाप देत बसले आणि हे त्याला तारखा कळवतात!

१२ मार्च

सातही फोटो निवडले. काढून टाकण्याचं बटण दाबलं. "नक्की?" असं विचारतो हा. माऊसवर बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. नाही म्हटलं.

त्या शर्यतीच्या फोटोत मी चिमीचे पायच बघत होते. तोही तेच बघत होता.

१५ मार्च

"नाव काय त्याचं?" — पाच दिवसांनी ह्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. सांगितलं. गठ्ठ्याला दिलं. पत्ताही मागून घेतला. हे म्हणाले, "मी येऊ का?" म्हटलं, तुमचं झालंय बोलून. आता माझी पाळी.

चिमीला काय सांगायचं, ते त्याला बघितल्यावर ठरवू. अक्षर बघा कसं आलंय.

१७ मार्च

गेले. तो घरी नव्हता. बायकोने दार उघडलं. मी कोणाची आई ते सांगितलं, लग्नाची पत्रिका पुढे केली. तिने हात मागे घेतले.

"ते बघून यायचे आणि मला सांगायचे — पळाली, पोहली, शिकली. माझी कधी हिंमत झाली नाही यायची." मग दाराची चौकट घट्ट धरली. "त्या दिवशी मला नववा महिना लागलेला होता, म्हणून सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं. गाडी मी चालवत होते."

मला काय वाटलं ते अजून नीट कळलेलं नाही. पत्रिकेवर त्याचं एकट्याचंच नाव होतं. तिच्याकडे पेन मागितलं.